चिवड्याच्या पाकिटातली पुडी : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, फराळाच्या पाकिटात ऑक्सिजन शोषणारी पुडी घालण्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा सविस्तर देते. तुमचे आक्षेप तीन: ऑक्सिजन शोषणारी पुडी म्हणजे खाण्यात केमिकल, आजीचा चिवडा पत्र्याच्या डब्यात महिनाभर राहायचा, आणि या पुडीच्या आड शिळा माल खपवतात.

पुडीत असते लोखंडाची बारीक भुकटी आणि थोडं मीठ. लोखंड गंजतं आणि गंजताना पाकिटातला ऑक्सिजन ओढून घेतं, मग तेल खवट करायला तो उरत नाही, एवढंच. जपानमध्ये मित्सुबिशी गॅस केमिकलने १९७७ साली 'एजलेस' नावाने अशी पुडी आणली. तेल खवट होऊ नये म्हणून घालतात ते टीबीएचक्यूसारखं अँटिऑक्सिडंट तेलातच मिसळलेलं असतं, ते आपण खातो. पुडी आपण फेकून देतो.

डब्याचं म्हणाल तर माझ्या आजोळीही तोच डबा होता. पण पंधरा दिवसांनी तळाचे शेंगदाणे खवट लागायचे, आम्ही ते वेचून बाजूला काढायचो. दर वेळी झाकण उघडलं की नवी हवा आत जाणारच.

बहिणीला कॅनडात फराळ पाठवते तेव्हा हे प्रकर्षाने जाणवतं. व्हॅक्यूम केलं तर पातळ पोह्यांचा चुरा होतो. पाकिटात अर्धा लिटर हवा राहिली तर तिच्यात ऑक्सिजन साधारण १०० मिली. एक ग्रॅम लोखंड ३०० मिलीच्या आसपास शोषू शकतं. दुसऱ्या दिवशी पाकीट जरासं आत ओढलेलं दिसतं, पोहे मात्र अख्खे. वापरलेली पुडी चाचपून पाहा, भुकटीचा कडक गोळा झालेला असतो. पाकीट मात्र फॉइलचंच हवं. साध्या पॉलिथिनमधून ऑक्सिजन आत झिरपत राहतो आणि पुडी फुकट जाते.

तिसरा आक्षेप मला बराचसा मान्य आहे. खवट झालेलं तेल पुडी परत ताजं करत नाही. जुन्या तेलात तळलेली शेव पुडी घालूनही जुन्या तेलातलीच.

आणि एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण ती लिहायची राहिली ही माझी चूक. ओल्या खोबऱ्याच्या करंज्या, पुरणपोळी अशा ओलसर पदार्थांना घरी ही पुडी घालून बाहेर ठेवू नका. हवा नाही म्हणून बुरशी धरत नाही, पदार्थ चांगला दिसतो. पण क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम हा जीवाणू हवा नसलेल्या ओलसर जागीच वाढतो आणि त्याचं विष जीवघेणं असतं. मूळ लेखात ही सूचना आज सगळ्यात वर टाकली आहे.