माहिती सगळ्यांची, सातबारा कुणाचा?

हॉटेलातून बाहेर पडून गाडीला किल्ली लावावी, तोवर गूगल मॅप्सचे प्रश्न फोनवर हजर. इथे पार्किंग आहे का? लहान मुलांना घेऊन बसण्यासारखी जागा आहे का? एखादा फोटो टाकता का? आपण भिडस्त माणसं, विचारलं की सांगतो. सांगितल्याचे गुण मिळतात, गुण साठले की 'लोकल गाइड' म्हणून पातळी वाढते. माझ्या ओळखीतले एक निवृत्त गृहस्थ बऱ्याच वरच्या पातळीवर आहेत आणि नातवाच्या दहावीच्या टक्क्यांइतक्याच कौतुकानं ते सांगतात. त्यांची थट्टा करायची नाही मला. त्यांच्यामुळे कित्येकांना पार्किंग सापडलं असेल.

पण क्राउडसोर्सिंग, म्हणजे असंख्य लोकांकडून थोडं थोडं काम, माहिती किंवा पैसा गोळा करणं, म्हटलं की 'लोकांची ताकद' म्हणून टाळ्या वाजवायची जी पद्धत पडलीय, ती काही पटत नाही. विकिपीडिया, ऑपरेशनसाठी ऑनलाइन वर्गणी, नकाशावरची ट्रॅफिकची लाल रेघ, सगळं एकाच पिशवीत. लोकांनी मिळून काही उभं करणं आपल्याला नवं थोडंच आहे? तळेगावचा काच कारखाना १९०८ साली लोकांकडून एकेक पैसा जमवलेल्या पैसा फंडातूनच उभा राहिला. तिथे निदान पैसा कुठे गेला ते दिसत होतं, कारखान्याकडे बोट दाखवता येत होतं. ऑनलाइन गोळा झालेल्या मालाबद्दल मी आता एकच विचारतो: याचा सातबारा कुणाच्या नावावर आहे?

गाण्यांच्या सीडीची गोष्ट हा माझा ठेवणीतला दाखला. सीडीत गाणी असत, पण गाण्यांची नावं बहुधा नसत. कॉम्प्युटरमध्ये घातली की 'ट्रॅक १, ट्रॅक २' एवढंच दिसे. १९९३ च्या सुमारास टी कान नावाच्या प्रोग्रामरनं यावर तोड काढली. कुणीतरी एकानं कव्हर हातात धरून नावं टाइप करायची, ती सामायिक यादीत जायची, आणि पुढे कुणीही तीच सीडी घातली की नावं आपोआप उमटायची. या यादीचं नाव सीडीडीबी. जगभरच्या हौशी लोकांनी ती भरली, एकमेकांची स्पेलिंगं सुधारली. पैसे कुणी मागितले नाहीत. मागणार तरी कुणाकडे, यादी सगळ्यांचीच होती ना? १९९८ मध्ये ती एका कंपनीनं घेतली, पुढे तिचं नाव ग्रेसनोट झालं आणि यादी वापरणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्यांना परवान्याच्या अटी लागल्या. २००८ मध्ये सोनीनं ग्रेसनोट सुमारे २६ कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं. टाइप करणाऱ्यांच्या वाट्याला काय? काही नाही. चिडलेल्या मंडळींनी म्युझिकब्रेन्झ नावाची दुसरी यादी सुरू केली, तिचा मूळ मजकूर आजही कुणालाही उतरवून घेता येतो. काम तेच, तसल्याच हौशी लोकांनी केलेलं. फरक फक्त मालकीच्या कागदाचा.

कॅप्चाचं तर आपल्याला कळलंसुद्धा नाही. 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' म्हणून दोन वेडेवाकडे शब्द यायचे, आठवतं? २००७ च्या रीकॅप्चामध्ये त्यातला एक शब्द यंत्राला आधीच माहीत असायचा, दुसरा जुन्या छापील पानावरचा, यंत्राला न वाचता आलेला. तो आपण वाचून द्यायचो. न्यूयॉर्क टाइम्सचे जुने अंक असे वाचून काढले गेले. २००९ मध्ये गूगलनं रीकॅप्चा विकत घेतलं. कल्पना अफलातून, यात शंका नाही. पण कामाला लावलेल्या माणसाला आपण काम करतोय याचा पत्ताच नाही, याला सहभाग म्हणायचं म्हणजे फारच झालं.

त्यापेक्षा पैसे देणारे बरे, असं वाटेल. ॲमेझॉनचं मेकॅनिकल टर्क २००५ पासून चालू आहे. फोटोत काय आहे ते सांगा, चार पैसे घ्या. आजच्या एआयच्या पायाशी असलेला इमेजनेट हा चित्रसंग्रह तिथल्याच लोकांनी नावं देऊन लावला, १६७ देशांतले जवळपास ४९ हजार लोक. त्यात एक अट अशी की काम देणाऱ्याला तुमचं काम नापसंत करता येतं, आणि नापसंत केलं की पैसे नाहीत. केलेलं काम मात्र त्याच्याकडेच राहतं. आपल्याकडे नाक्यावरच्या मजुराशीही असं वागायची कुणाची टाप नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला ईबर्ड, दिसलेल्या पक्ष्यांच्या नोंदी गोळा करणारं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीविज्ञान प्रयोगशाळेचं हे काम २००२ पासून चालू आहे आणि मी त्यात गच्चीवरून भर घालत असतो. पंधरा मिनिटं एका जागी उभं राहायचं, दिसलेला आणि ऐकू आलेला प्रत्येक पक्षी टिपायचा. साळुंकी, बुलबुल, कावळासुद्धा. शेवटी ॲप विचारतं: ओळखू आलेले सगळे पक्षी नोंदवलेत ना? सगळी गंमत या प्रश्नात आहे. सगळे नोंदवले असं म्हटलं, तरच यादीत नसलेला पक्षी खरोखर दिसला नव्हता असं धरता येतं. आणि उगाच काही ठोकून दिलं, तर तुमच्या भागातला जाणकार तपासनीस नम्रपणे विचारतो, फोटो आहे का हो?

अशा नोंदींवरून 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल निघतो. २०२० च्या अहवालामागे साडेपंधरा हजार निरीक्षक होते, २०२३ च्या मागे तीस हजार आणि त्यांच्या तीन कोटींवर नोंदी. चिमण्या संपल्या, मोबाइल टॉवरनं मारल्या, हे आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केलेलं असतं. २०२० च्या अहवालात दिसलं ते असं की मोठ्या महानगरांत चिमणी घटलीय, पण देशभराचा हिशोब धरला तर साधारण टिकून आहे. काळजीची पाखरं वेगळीच आहेत: २०२३ च्या अहवालात ज्यांचा दीर्घकालीन कल काढता आला अशा ३३८ जातींपैकी सुमारे ६० टक्के घटल्यात. हे कळायला माझ्या कावळ्याचाही उपयोग झाला. अहवाल कुणालाही फुकट वाचता येतो, माझ्या नोंदी मला केव्हाही उतरवून घेता येतात. फेसबुकवर मी इतकी वर्षं लिहितोय, त्यातून असं काय निघालं, विचारू नका.

मात्र सातबारा सगळ्यांच्या नावावर असला की झालं, असंही नाही. एप्रिल २०२१, कोरोनाची दुसरी लाट आठवा. ऑक्सिजन, बेड, रेमडेसिविर, प्लाझ्मा यांच्या याद्या गूगल शीटवर कुणीही उघडाव्या, कुणीही भराव्यात. मालकी कुणाचीच नाही. ज्या याद्या कामाला आल्या, त्यात 'शेवटचं कधी तपासलं' असा एक रकाना होता आणि तो भरायला कॉलेजची पोरं दिवसरात्र फोन लावत बसली होती. बाकीच्या याद्यांत तीच मेलेली माहिती 'व्हेरिफाइड' म्हणून फिरत राहिली. माणसं रात्री दोनला नंबर फिरवायची आणि पलीकडचा वैतागून सांगायचा, अहो, सिलिंडर तीन दिवसांपूर्वीच संपले. गोळा करणं सोपं असतं. राखण करायला माणूस लागतो, आणि त्याला कुणी गुण देत नाही.

आता सगळ्यांना आपला आवाज हवाय. फायरफॉक्सवाल्या मोझिलाचं कॉमन व्हॉइस, सरकारच्या भाषिणी या भाषांतर प्रकल्पाचं भाषादान, सगळीकडे मराठी वाक्यं वाचून द्या म्हणतात. कॉमन व्हॉइसचे आवाज कुणालाही वापरायला मोकळे आहेत. मोकळे म्हणजे बड्या कंपन्यांनाही मोकळे, हा आक्षेप खरा आहे. नेऊ देत त्यांनी. मला नेण्यापासून ते अडवू शकत नाहीत, तोवर माझी तक्रार नाही.

पण जे हातावर पोट असलेले आहेत, त्यांनी दान का करावं? २०२० साली मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या मंडळींचा एक अभ्यास आला होता, तो मराठीवरच. ग्रामीण गरीब, शहरी गरीब आणि विद्यापीठातले विद्यार्थी अशा ३६ जणांकडून १०९ तासांचं वाचन ध्वनिमुद्रित केलं. गरिबांचं काम विद्यार्थ्यांच्या तोडीचं निघालं. याच धाग्यातून पुढे बंगळुरूची 'कार्या' ही संस्था उभी राहिली. तासाला किमान पाच डॉलर मोबदला, आणि आवाजाचा तोच साठा पुन्हा विकला गेला तर बोलणाऱ्याला त्यातला वाटा, असा त्यांचा करार. सीडीवाल्यांना असा कागद कुणी दाखवला असता तर?

मी स्वतः सध्या ओपनस्ट्रीटमॅपवर वेळ घालवतोय. लोकांनीच भरलेला, २००४ पासून चालू असलेला हा नकाशा अख्खाच्या अख्खा उतरवून घेता येतो. आमच्या तालुक्यात मोठी गावं आहेत, पण वाड्या, मळे, धनगरवाडे बरेचसे कोरे, आणि नाव मराठीत लिहायला वेगळा रकाना असून तोही रिकामा. आपापल्या वाडीचं नाव ज्यांना घालायचंय त्यांनी खाली लिहा. फोनवरून कसं करायचं ते रविवारी सवडीनं टाकतो.