माशाचं हाफ तिकीट

बाबा अमेरिकेत आले तेव्हा बॅगेत लुंग्यांच्या घडीत मासे धरायच्या दोरीचं, तंगुसाचं बंडल आणि तीन गऱ्या निघाल्या. गोडा मसाला आईने पाठवला होता, तिरफळं मावशीने. गऱ्या स्वतः बाबांनी, कोणाला न सांगता आणलेल्या.

मग मी त्यांना न्यू जर्सीतल्या एडिसनच्या इंडियन ग्रोसरीत नेलं. फ्रीजरमधली सुरमई हातात घेऊन त्यांनी तिच्यावर दारावर वाजवतात तशी टकटक केली. "हो मासो न्हय," ते म्हणाले, "ही फळी." आणि घरी येताना गाडीत मुद्द्यावर आले. "हय गरवूक खय जातत?"

मी म्हटलं, जाऊ शनिवारी. फक्त आधी लायसन काढावं लागेल.

"मासे मारूक लायसन? तळी काय ह्येंच्या आज्यान खणल्यान?"

हे बोलणारा माणूस एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होता. देवबागच्या बोळातून निघालेल्या म्हातारीला दोन रुपयांच्या तिकिटासाठी त्याने भर पावसात पिशवी उलटी करायला लावलेली मी पाहिली आहे. पण तिकीट फाडणं वेगळं आणि फाडून घेणं वेगळं.

रात्री मी न्यू जर्सीचे मासेमारीचे नियम उघडले. त्या पुस्तिकेला इथे डायजेस्ट म्हणतात. नाव डायजेस्ट, पण पचायला त्यापेक्षा सुरण बरा. गोड्या पाण्याचं डायजेस्ट वेगळं, खाऱ्या पाण्याचं वेगळं, शिकारीचं वेगळं. गोड्या पाण्यात सोळा ते एकोणसत्तर वयाच्या माणसाला लायसन लागतं, सत्तरीच्या पुढे लागत नाही. बाबा एकाहत्तरचे. मी आनंदाने ओरडलोच. "बाबा, तुम्हाला फुकट!"

बाबा खूश. मालवणात एसटी त्यांना पासष्टीपासून अर्ध्या तिकिटात नेते आणि पूर्ण फुकट व्हायला पंचाहत्तरी गाठावी लागते. अमेरिकेने चार वर्षं आधीच मान दिला म्हणून त्यांनी चहा परत मागवला.

चहा येईपर्यंत मी पुढची ओळ वाचली. सत्तरीची सूट फक्त रहिवाशांना, आणि रहिवासी म्हणजे सलग सहा महिने ज्याचं बिऱ्हाड न्यू जर्सीत आहे तो. बाबांना विमानतळावर शिक्का मिळाला होता सहा महिन्यांचा. म्हणजे ज्या दिवशी ते माशांच्या दृष्टीने न्यू जर्सीकर ठरले असते, त्या दिवशी त्यांना नेवार्कच्या विमानतळावर असणं भाग होतं. हा योगायोग की कोणी बसून जुळवलंय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग बाहेरगावच्या पाहुण्यांसाठीचं सात दिवसांचं लायसन, साडेएकोणीस डॉलर. मला रहिवाशाचं, साडेबावीस डॉलर. त्यावर ट्राउट नावाचा मासा धरायचा असेल तर वेगळा स्टॅम्प, साडेदहा डॉलर. हाच स्टॅम्प परराज्यातल्याला, म्हणजे बाबांना, वीस डॉलर. बाबांनी वीस डॉलरचे रुपये केले, एकदा तोंडी, एकदा बोटांवर, आणि म्हणाले, "माका ट्राउट नको." म्हणजे आता एकाच काठावर, एकमेकांपासून चार हातांवर आम्ही उभे राहिलो असतो, तर तोच ट्राउट माझ्या गरीला लागला तर मेजवानी आणि बाबांच्या गरीला लागला तर गुन्हा. ट्राउटला हे कोण सांगणार, हे डायजेस्टमध्ये दिलेलं नाही.

ऑनलाइन अर्ज भरायला बसलो तर सोशल सिक्युरिटी नंबर मागितला. बाबांकडे तो असण्याचा प्रश्नच नव्हता. पण माशाचा आणि सोशल सिक्युरिटीचा संबंध काय, म्हणून शोधत गेलो आणि चाट पडलो. घटस्फोटानंतर जे बाप पोरांच्या पोटगीचे पैसे थकवतात त्यांना गाठण्यासाठी १९९० च्या दशकात केंद्रीय कायदाच झाला, की राज्यांनी लायसनच्या अर्जावर हा नंबर घ्यायचा. गाडीच्या लायसनवर, धंद्याच्या लायसनवर, लग्नाच्या परवान्यावर आणि मासेमारीच्याही. पोटगी थकवून तळ्यावर निवांत गरी टाकून बसलेला बाप सरकारच्या डोळ्यात खुपला असणार. मासा लागायच्या आधी बाप गळाला लावायची ही युक्ती मी बाबांना समजावून सांगितली. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझा तुझा काय थकलेला आसा काय?"

शेवटी गुरुवारी संध्याकाळी आम्ही एका खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलो. अशा दुकानांच्या काउंटरवरही लायसन मिळतं. तिथल्या पोराने बाबांचा पासपोर्ट पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळला, शिक्के पाहिले, आपल्याकडे रेशनकार्डापासून काहीही चाळताना कोणीही जो चेहरा करतं तोच चेहरा केला आणि विचारलं, "डोळ्यांचा रंग?"

"काळा," मी म्हटलं.

त्याने बाबांकडे निरखून पाहिलं आणि ब्राऊन लिहिलं.

बाबांना हे मी भाषांतर करून सांगायला नको होतं. एकाहत्तर वर्षं काळे असलेले डोळे एका पोराने उभ्या उभ्या तपकिरी केले, हा अपमान त्यांना साडेएकोणीस डॉलरपेक्षा जास्त लागला. परतीच्या रस्त्यावर ते गाडीच्या आरशात दोनदा वाकून बघत होते. पण लायसनचा कागद मात्र त्यांनी दोन बोटांत धरून उजेडात पाहिला, तारीख तपासली, क्रमांक पुटपुटले आणि म्हणाले, "तिकीट चोख आसा." दुकानदाराने सांगितलं होतं की अंगावर दिसेल असं लावा. बाबांनी ते सेफ्टी पिनने शर्टाच्या खिशावर लावलं. बरोबर बिल्ला असायचा तिथे.

शनिवारी फॅरिंग्टन लेकवर पोचलो तर जत्रा. बापये, बायका, पोरं, खुर्च्या, बर्फाच्या पेट्या. मी म्हटलं, वा, लोकांना केवढी हौस. शेजारच्या माणसाने सांगितलं, आज फ्री फिशिंग डे. वर्षातून दोन दिवस, एक जूनमध्ये आणि एक ऑक्टोबरमध्ये, न्यू जर्सीत लायसनही लागत नाही आणि ट्राउटचा स्टॅम्पही. डायजेस्टमध्ये ही तारीख होती. मी ती वाचलीही होती, पण त्या वेळी माझं डोकं पोटगीत होतं.

साडेबावन्न डॉलर! मला वाटलं बाबा आता तळ्यासकट माझा उद्धार करतात. पण त्यांनी खिशावरचं लायसन सारखं केलं, आजूबाजूच्या बिनतिकीट गर्दीवर एक नजर फिरवली आणि छाती किंचित पुढे काढून चालू लागले. अख्ख्या गाडीत एकच प्रवासी तिकीट काढून बसलाय आणि तो आपण आहोत, याचं सुख कंडक्टरलाच कळत असावं.

तासाभरात त्यांच्या गरीला झटका बसला. अमेरिकन काठी मी त्यांना दिली होती, ती त्यांनी केव्हाच माझ्याकडे परत देऊन तंगूस बोटावर घेतलं होतं. बाहेर आला तो बास. लार्जमाउथ बास, हिरवट, टपोरा, वीतभराहून चांगला मोठा. मी मोजपट्टी लावली, सोळा इंच. किमान माप बारा. मी फोटो काढायला फोन काढला, मनात तिरफळं बाहेर काढली, रवा ताटात ओतला, आणि मग आठवलं.

पंधरा एप्रिल ते पंधरा जून. या दोन महिन्यांत बास धरायला हरकत नाही, पण लगेच सोडायचा. घरी न्यायचा नाही.

हे बाबांना कसं सांगावं या विचारात मी इतका वेळ घेतला की मासाही अस्वस्थ झाला. शेवटी सांगितलं. वाटलं, आता आज्याने तळी खणलेलं परत निघणार. बाबांनी माशाचं पोट अंगठ्याने हलकेच दाबून पाहिलं.

"गाबोळीचे दिवस आसतले," ते म्हणाले. "आपल्याकडे जून-जुलै बंदी असता, तसाच ह्या. मग आधी सांगूचा नाय?" आणि गुडघ्यापर्यंत पाण्यात उतरून, दोन्ही हातांनी धरून, मासा सरळ होईपर्यंत थांबून त्यांनी तो सोडला.

त्यानंतर नियम त्यांनी आपल्या ताब्यात घेतले. मोजपट्टी माझ्या हातून गेली ती गेलीच. बाबांच्या नोकरीतला सगळ्यात मोठा वाद हाफ तिकिटाचा. पाच वर्षांखाली फुकट, पाच ते बारा अर्धं. वयाचा दाखला कोणी आणत नाही, त्यामुळे कंडक्टरला पोराकडे बघून ठरवावं लागतं. "बायो, झिलाक मिशी फुटली तरी पाच वर्साचोच काय गे?" हे वाक्य मालवण-कसाल मार्गावर वर्षानुवर्षं गाजलेलं. इथे तर वयाऐवजी इंच होते, आणि इंच खोटं बोलत नाहीत. शेजारच्या एका पोराने दहा इंची चॅनेल कॅटफिश बादलीत टाकला तेव्हा बाबा उठून गेले, मोजपट्टी लावली, बाराच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि मान हलवली. भाषेची गरज पडली नाही. पोराच्या बापाने मासा पाण्यात टाकला आणि बाबांच्या खिशावरच्या कागदाकडे बघून "सर" म्हणाला. त्याला ते वनखात्यातले वाटले असावेत.

शिकारीचा विषय घरात एकदाच निघाला. आमच्या परसात हरणं येतात आणि वालाचे वेल मुळापासून खातात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार उरली ती आजोबांच्या गप्पांत आणि रानडुकराच्या कुजबुजीत, पण इथे रीतसर लायसन मिळतं म्हटल्यावर बाबांनी चौकशी केली. मी तिसरं डायजेस्ट उघडलं. आधी शिकारीचा अभ्यासक्रम पुरा करा. मग राज्याच्या नकाशावरचा आपला झोन शोधा. धनुष्यबाणाच्या तारखा वेगळ्या, ठासणीच्या बंदुकीच्या वेगळ्या, शॉटगनच्या वेगळ्या. काही झोनमध्ये काही हंगामात आधी बिनशिंगाचं हरीण मारलं तरच शिंगवाल्याचा हक्क मिळतो. घरांपासून बंदूक साडेचारशे फूट लांब, धनुष्य दीडशे फूट. आमचं परस साठ फूट. आणि केंद्राचा कायदा म्हणतो, टुरिस्ट व्हिसावरच्या माणसाने बंदूक बाळगायची नाही, पण त्याच्याकडे शिकारीचं लायसन असेल तर चालेल. म्हणजे माशाला पोटगी लागते आणि बंदुकीला हरीण.

"जाळी लाव," बाबा म्हणाले.

लायसनचे सात दिवस संपले. बाबा जेवताना उदास. विचारलं तर म्हणाले, खरं तर मनात कुर्ल्या होत्या, म्हणजे खेकडे. मी खाऱ्या पाण्याचं डायजेस्ट काढलं. समुद्रात गरी टाकायला लायसन नाही, नुसती नोंदणी, तीही फुकट. आणि कुर्ल्यांना, हाताने दोरी सोडून किंवा घडीच्या पिंजऱ्याने धरल्या तर, काहीच नाही. ना लायसन, ना स्टॅम्प, ना डोळ्यांचा रंग.

"म्हंजे इतके दिवस..." बाबा म्हणाले आणि पुढचं त्यांनी गिळलं.

बार्नेगॅट बेच्या एका धक्क्यावर आम्ही कोंबडीच्या तंगड्या दोरीला बांधून सोडल्या. कोंबडी घालून कुर्ली धरायची, ही उधळपट्टी बाबांना सोसवेना. "ही तंगडी आपुण खाव आणि कुर्लेक पाठ घालू," म्हणत होते. पण निळ्या डांग्यांची ती कुर्ली तंगडीला मिठी मारून वर येताना दिसली आणि ते गप्प झाले. माप साडेचार इंच, कवचाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. दुकानात दीड-दोन डॉलरला प्लॅस्टिकची खाच असलेली पट्टी मिळते. बाबा ती गळ्यात अडकवून बसले होते.

एक मादी आली ती पोटाखाली नारिंगी अंड्यांचा गोळा घेऊन. अशी कुर्ली मालवणात कोणी परत सोडली तर आजूबाजूचे डॉक्टरला बोलावतील. इथे ती ठेवायची नाही. बाबांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, दीर्घ उसासा टाकला आणि सोडली. त्यानंतरची खाचेत एका केसाने कमी भरली. मी म्हटलं, बाबा, कोण बघतंय?

"मी," बाबा म्हणाले.

नऊ कुर्ल्या मिळाल्या. रस्सा बायकोने केला, तिरफळं नको तिथे पडली, तरी कोणी बोललं नाही.

बाबा परत गेले त्याला आता वर्ष होईल. बरोबर सात दिवसांचं ते मुदत संपलेलं लायसन नेलं. एसटीच्या पासच्या मागे ठेवलंय म्हणे. आणि ती खाचेची पट्टी. गेल्या आठवड्यात आईने फोनवर सांगितलं, बाबा मालवणच्या बाजारात गेले होते. टोपलीतली सुरमई बारकी वाटली म्हणून त्यांनी पट्टी काढली, ती कुर्लीची म्हणून पुरेना, मग खिशातून शिंप्याची टेप काढली आणि टोपलीतला एकेक मासा मापायला लागले. वर मासेविकणीला सांगत होते की २०२३ साली आपल्या सरकारनेही ५४ जातींच्या माशांचं किमान माप ठरवलंय, अमेरिकेत तर इतक्या बारक्याला कोणी हात लावत नाही.

तिने चार मासे मापून होईपर्यंत दम धरला. मग कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "कंडक्टरानू, मासे घेतास काय त्येंका शाळेत घालतास?"