रेडिएटर कोमट लागतो म्हणजे घर गार राहतं असं नाही

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा जरा चिडून, दुसऱ्यांदा कागद-पेन्सिल घेऊन. आमच्या जुन्या घरात हीट पंप बसवला, म्हणजे खोल बोअरमधून जमिनीतली उष्णता ओढून घरात फिरणारं पाणी तापवणारं विजेचं यंत्र, आणि रेडिएटर, म्हणजे त्या पाण्याने खोली तापवणारे भिंतीवरचे पोकळ लोखंडी पत्रे, जुनेच ठेवले, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हीट पंपाचं पाणी कोमट असतं, रेडिएटरला कढत पाणी लागतं, तेव्हा ही जोडी जमायची नाही. आधी सगळं घर इन्सुलेट करा, म्हणजे उष्णता बाहेर जाणार नाही असं झाका, फरशीखाली पाइप टाका, मग बोला. आणि 'जमिनीतली फुकटची उष्णता' ही शुद्ध थाप, कारण पंपातलं मुख्य यंत्र, कॉम्प्रेसर, वीज खातोच. शेवटी 'लोकांना खड्ड्यात घालू नका' असंही लिहिलंत. विषय बोअर खणण्याचा असल्यामुळे ते वाक्य मला आवडलं.

एक गोष्ट आधीच कबूल करते. 'जुने रेडिएटर सहज चालतात' हे माझं वाक्य चुकीचं होतं. त्यातला 'सहज' मी काढून टाकला आहे. आमचे चालले, तेही एक सोडून. त्या एकाची हकिकत पुढे सांगते, कारण तुमच्या आक्षेपाचं उत्तर तिच्यातच आहे.

रेडिएटरवर जे वॅट छापलेले असतात ते ७५ अंशांचं पाणी आत, ६५ अंशांचं बाहेर आणि खोली २० अंशांवर असं धरून. म्हणजे पाणी आणि खोली यांत सरासरी ५० अंशांचा फरक. फरक ३० वर आला की उष्णता छापील आकड्याच्या निम्म्यावर येते, आणि २० वर आला तर जेमतेम तीस टक्के उरते. फरकापेक्षा उष्णता जास्त वेगाने घटते. इथपर्यंत तुम्ही बरोबर आहात. पण छापील वॅट सगळेच्या सगळे लागतात कुणाला? जुन्या घरांत रेडिएटर बसवताना हात सैल सोडलेला असतो. पुढे कधीतरी खिडक्या बदलतात, माळ्यावर इन्सुलेशन पडतं, आणि भिंतीवरचा रेडिएटर मात्र तेवढाच राहतो.

आमच्या बैठकीच्या खोलीतला रेडिएटर छापील १८०० वॅटचा आहे. कडाक्याच्या थंडीत त्या खोलीला लागतात सुमारे ९००. निम्मे. म्हणजे ३० अंशांचा फरक पुरतो आणि पाणी सरासरी ५० अंशांचं असलं की भागतं. उत्तरेकडची लहान अभ्यासाची खोली मात्र वेगळी. तिच्या दोन भिंती बाहेरच्या, रेडिएटर १००० वॅटचा आणि गरज ८५० ची. हिशेब केला तर तिला ६४ अंशांचं पाणी हवं. सगळ्या घराला एकच पाणी फिरतं, त्यामुळे या एका खोलीने बाकीच्या सगळ्या खोल्यांना वेठीला धरलं होतं. तिच्यासाठी सगळ्या घराचं पाणी तापवायचं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आम्ही तो एकच रेडिएटर काढून त्याच जागी तेवढ्याच लांबीचा, पण तीन पदरी जाड रेडिएटर लावला. तो छापील २४०० वॅटचा आहे. आता त्या खोलीला ४३ अंशही पुरतात. फरशी उखडावी लागली नाही.

फरशीखालच्या पाइपांना ३५ अंशांचं पाणी पुरतं आणि ते हीट पंपाला सर्वांत सुखाचं, हे मान्य. पण जुन्या घरात फरशी उखडायची म्हणजे दारांची उंची, उंबरे, जिन्याची पहिली पायरी, सगळंच हलतं. ज्याची फरशी एरवीही निघणार आहे त्याने जरूर करावं.

आता तुमचा विजेचा मुद्दा. 'फुकट' हा शब्द मी वापरला नव्हता, पण वाचणाऱ्याला तसं वाटलं असेल तर दोष लिहिणारीचा. कॉम्प्रेसरला वीज लागते, आणि किती लागते ते पाणी किती तापवायचं यावरच ठरतं. बोअरमधल्या नळीतून फिरून जमिनीची उष्णता पंपाकडे आणणारा द्रव शून्य अंशांवर आहे असं धरा. ३५ अंशांच्या पाण्यासाठी निसर्गनियमाने ठरलेली कमाल मर्यादा म्हणजे एक युनिट विजेमागे ८.८ युनिट उष्णता. ५० अंशांना ती ६.५ होते आणि ६५ ला ५.२. खरी यंत्रं याच्या निम्म्याच्या आसपास पोचतात. म्हणजे अनुक्रमे साधारण साडेचार, सव्वातीन आणि अडीच. एकेका अंशाला दोन-अडीच टक्क्यांचा फरक पडतो असा अंदाज धरायला हरकत नाही. त्यामुळे 'रेडिएटरवर हीट पंप चालतो का' हा प्रश्नच मला आता अर्धवट वाटतो. सर्वांत थंड दिवशी तुमच्या घराला किती अंशांचं पाणी लागतं, ते सांगा. ५० असेल तर बेलाशक करा. ६५ असेल तर थांबा आणि तुमची 'उत्तरेकडची खोली' कोणती ते शोधा.

हा आकडा काढायला तज्ज्ञ लागत नाही, रेडिएटरचं पाणी आजवर तापवणारा जुना बॉयलर लागतो. कडाक्याची थंडी असेल त्या आठवड्यात त्याचं पाणी ५५ वर आणा, रेडिएटरचे व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि दोन दिवस तसंच चालू द्या. रात्री बंद करायचं नाही. मग ५० वर आणा. कोणत्या खोलीत आधी कुडकुडायला होतं ते टिपून ठेवा. आम्ही हे केलं तेव्हा सासूबाई रेडिएटरला हात लावून म्हणाल्या, 'हा बंद पडलाय.' भिंतीवरच्या तापमापकात २१ अंश होते. हाताला ४० अंशांचा पत्रा कोमटच लागणार, आपला हातच मुळी तिशीच्या पुढे असतो. तिसऱ्या दिवशी त्यांनी अभ्यासाच्या खोलीत बसताना शाल मागितली, तेव्हा मात्र पुस्तकातला हिशेब मला पटला.

जमीन 'थंड पडून' काही वर्षांत सगळं ठप्प होईल, हा तुमचा आक्षेप अर्धा खरा आहे. पृथ्वीच्या पोटातून वर येणारी उष्णता अगदीच किरकोळ, दर चौरस मीटरला वॅटचा दहावा हिस्साही नाही. बोअर जगतो तो आजूबाजूच्या खडकात साठलेल्या उष्णतेवर. हिवाळ्यात आपण ती ओढून घेतो आणि उन्हाळ्यात भोवतालचा खडक ती हळूहळू भरून काढतो. बोअर आखूड पडला तर भरपाई पुरी होत नाही, द्रव वर्षागणिक गार येऊ लागतो आणि वीज वाढते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! आमच्या घराला कडाक्यात ८ किलोवॅट लागतात. त्यातले अडीच विजेतून येतात आणि साडेपाच जमिनीतून. एक मीटर बोअर खडकाप्रमाणे ३० ते ६० वॅट देतो. पाणी धरणारा खडक उदार, कोरडी वाळू कंजूस. मधला आकडा धरून आम्ही १३० मीटर खोल गेलो.

म्हणून तुमचा इन्सुलेशनचा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटला, पण तुम्ही सांगितलेल्या कारणासाठी नव्हे. इन्सुलेशन नसेल तर हीट पंप चालत नाही असं नाही. पण बोअर एकदा खणला की त्याची लांबी ठरली. आज मोठा बोअर आणि मोठा पंप घेतला आणि दोन वर्षांनी माळा झाकला, तर पंप गरजेपेक्षा मोठा ठरतो, सारखा चालू-बंद होतो, आणि त्यात कॉम्प्रेसरचं आयुष्य कमी होतं. तेव्हा माळा, फटी आणि खिडक्यांच्या चौकटी बोअरच्या आधी. जाड दगडी किंवा भरीव विटांच्या भिंतींना आतून इन्सुलेशन लावणं मात्र मी 'आधी करून टाका' या यादीत घालणार नाही. भिंत आतून झाकली की ती गार पडते, ओल तिच्यात अडकते आणि बुरशी धरते. ते काम जाणकाराकडून, भिंत तपासून.

ही जोडी काही काल-परवा जमलेली नाही. जमिनीतून उष्णता घेण्याच्या कल्पनेचं स्वित्झर्लंडमधलं पेटंट १९१२ सालचं आहे, हाइनरिख झोली या अभियंत्याचं. झुरिकच्या सतराव्या शतकात बांधलेल्या नगरभवनात १९३८ साली हीट पंप बसला. तो लिमात नदीच्या पाण्यातून उष्णता घ्यायचा, जमिनीतून नव्हे, पण हीटिंगचं पाणी ६० अंशांपर्यंत तापवायचा, आणि साठ वर्षांहून अधिक काळ चालला. इमारत तेव्हाच जवळजवळ अडीचशे वर्षांची झाली होती.

आता जे मी आधी लिहायला हवं होतं आणि लिहिलं नाही, ते. आमचा पहिला महिना वाईट गेला. बसवणाऱ्यांनी बॉयलरच्या सवयीने पाणी कायम ६० अंशांवर लावून दिलं होतं, बाहेर थंडी असो वा नसो. शिवाय आत एक मदतीचा हीटर असतो, निव्वळ विजेवर चालणारा. तो रोज काही तास गुपचूप चालत होता. यंत्राच्या पडद्यावर त्याचे तास वेगळे दिसतात, हे मला मीटरचा आकडा बघून धसका बसल्यावर कळलं. मग बाहेरच्या तापमानाप्रमाणे पाणी बदलणारी सोय सुरू केली आणि दर तीन दिवसांनी पाणी दोन अंशांनी खाली आणत गेले, सर्वांत थंड खोलीतून तक्रार येईपर्यंत. तक्रार आली की दोन अंश वर. मदतीचा हीटर त्यानंतर चाललेला नाही. याच काळात एक रेडिएटर वरून गरम आणि खालून गार राहायचा. उघडला तर तळाशी शाईसारखा काळा गाळ, आतल्या लोखंडाच्या गंजाचा. सगळे पाइप धुऊन घेतले आणि परतीच्या नळीवर चुंबकाचा गाळणा बसवला. पंप जोडण्याआधीच हे व्हायला हवं होतं.

तुम्ही लिहिलंय की तुमचं घर आमच्यापेक्षाही जुनं आहे आणि रेडिएटर ओतीव लोखंडाचे आहेत. ते काढू नका. त्यांचा पसारा मोठा असतो आणि कोमट पाण्यावरही ते बरीच उष्णता देतात. या थंडीत बॉयलर ५० वर आणून बघा आणि कोणत्या खोलीने आधी हात टेकले ते कळवा. त्या खोलीची मापं आणि तिथल्या रेडिएटरची लांबी, उंची, जाडी पाठवलीत तर हिशेब मी इथेच मांडून दाखवते.

तुमची,
ब्लॉगवाली