तोतऱ्या माणसाला सुधारण्याचे घरगुती उपाय

परवा चिंचवडला एका वास्तुशांतीला गेलो होतो. पंगतीत शेजारच्या काकांनी विचारलं, "नाव काय तुमचं?" माझं नाव मिलिंद. विसरलो नव्हतो, फक्त 'म' ओठांवर ठाण मांडून बसला होता. "महेश? मंगेश? मकरंद?" मी 'नाही' म्हणून मान हलवली, त्यांनी ती 'हो' धरली. मठ्ठा येईपर्यंत मी मकरंदराव होतो.

असं समाजकार्य तुमच्याही हातून घडावं, म्हणून हे मार्गदर्शन.

समोरचा अडला रे अडला की त्याचं वाक्य तुम्ही पूर्ण करा. शब्द त्याच्याकडे असतो, पण तुमचा जास्त चांगला असणार. चुकला तर त्याला आधी तुमचा शब्द खोडायचा असतो, मग स्वतःचा सांगायचा असतो, म्हणजे एकाच्या जागी दोन डोंगर. शेवटी तो तुमचाच शब्द मुकाट्याने घेतो. मी एसटीत 'क' निघेना म्हणून कराडऐवजी साताऱ्याचं तिकीट काढलेलं आहे. मागचे लोक "अहो, बोला लवकर" म्हणत होते, कंडक्टर पंचिंग मशीनसारखा टकटक बघत होता. साताऱ्यात उतरलो, दुसऱ्या गाडीत बसलो, आणि तिथल्या कंडक्टरसमोर पुन्हा तोच 'क'!

"श्वास घे, हळू बोल" हे सांगायला विसरू नका. अडतीस वर्षं मी श्वास न घेताच काढली.

वेखंड मधात उगाळून जिभेला लावायला सांगा. दोष जिभेचा नाही, बोलण्याची जुळणी करणाऱ्या मेंदूच्या कामात गडबड असते, हे डॉक्टरांना बडबडू दे. मेंदूला वेखंड लावता येत नाही, म्हणून जीभच बरी. आणि हाच माणूस गणपतीत सगळ्यांच्या सुरात आरती घडाघडा म्हणताना दिसला, तर 'नाटकं करतो' असा निकाल देऊन टाका.

नाकाबंदीला कोणी त-त-प-प केलं तर तो खोटंच बोलतोय. भाषेतच सोय आहे.

आत्मविश्वास वाढवायला सांगा. इंग्लंडच्या तोतऱ्या राजासाठी, सहाव्या जॉर्जसाठी, स्पीच थेरपिस्ट लायोनेल लोग 1926 पासून घाम गाळत होता, तरी राजाच्या भाषणात थांबे राहिलेच. पाव जगावर राज्य, पण आत्मविश्वास कमी पडला असणार.

आणि लहान मुलांना आमच्यापासून लांब ठेवा. त्या पंगतीत यजमानांचा पाच वर्षांचा नातू होता. "मला प-प-प..." इतकं झालं, आणि काका म्हणाले, "नीट बोल, मगच मिळेल. आणि या काकांच्या शेजारी बसू नकोस, तुलाही लागेल."

लागेल? गोवर आहे का हो ती? नक्कल करून, शेजारी बसून कोणी तोतरं होत नाही. बहुतेकांचं सुरू होतं ते दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान, मुलग्यांत जास्त, आणि पुष्कळदा घराण्यातच असतं. चारातली तीन मुलं तरी पुढे आपोआप नीट बोलू लागतात. काही महिने तसंच राहिलं, किंवा मूल बोलायचंच टाळायला लागलं, तर स्पीच थेरपिस्टकडे न्यायचं. पुरी अडवून धरायची नसते.

त्या पोराने काय केलं माहीत आहे? काकांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि भात मागितला. भात एका दमात आला. सगळे म्हणाले, "शाब्बास!" पुरी नको होती का त्याला? हवी होती! पाचव्या वर्षी तो शब्द बदलायला शिकला, साताऱ्याचं तिकीट काढायला शिकला, आणि तुम्ही टाळ्या पिटल्या.

एवढी कसली घाई असते हो तुम्हाला? पाच सेकंद तोंड मिटून बसता येत नाही? पंगत कुठे पळून चालली होती? काही सुचवू नका, मान डोलावू नका, दयेने बघू नका. बोलू द्या त्याला. आणि आधी त्या पोराच्या पानात पुरी वाढा.