माळढोक पक्षी प्रजनन केंद्रात हलवलेले नाहीत

‘सौर प्रकल्पांसाठी जैसलमेरचे सगळे माळढोक पकडून प्रजनन केंद्रात नेले, आता तारांचा प्रश्न मिटला’ हा मेसेज चुकीचा आहे. भारतीय वन्यजीव संस्थेच्या जाहीर माहितीनुसार २०१९ पासून रानातली काही अंडी उचलून केंद्रात पिल्लं वाढवली जातात. रानातले माळढोक माळावरच आहेत. सौर पॅनल माळ व्यापतात हे खरं, पण पक्षी मरतात ते विजेच्या तारांवर आदळून. डोळे डोक्याच्या बाजूंना, अंग जड. समोरची तार उशिरा दिसते आणि चटकन वळता येत नाही. म्हणूनच २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तारा जमिनीखाली घालायला सांगितलं होतं. २०२४ मध्ये तो आदेश बदलून समिती नेमली, पण धोका तसाच आहे. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळरान माळढोकांविना रिकामं होताना पाहिलेल्या आपण तरी तो मेसेज पुढे पाठवू नका, आलेल्या ग्रुपवर हा खुलासा टाका.