श्पेअर ‘सज्जन’ होता म्हणे!

भाची आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. परवा तिचा एक फॉरवर्ड आला, खाली प्रश्न : "मामा, हा माणूस प्रेझेंटेशनमध्ये घेऊ? भारी वाटतोय." हा माणूस म्हणजे आल्बर्ट श्पेअर, हिटलरचा लाडका वास्तुविशारद आणि पुढे शस्त्रास्त्रमंत्री. मजकूर असा : राजकारणाशी देणंघेणं नसलेला कलावंत, ३६व्या वर्षी मंत्री, बॉम्ब पडत असतानाही उत्पादन तिप्पट, छळछावण्यांची गंधवार्ता नाही, हिटलरला मारायला निघालेला, आणि न्यूरेंबर्गच्या युद्धगुन्हे खटल्यात चूक कबूल करणारा एकटा सज्जन. वर शीर्षक ‘नेतृत्वाचे धडे’. डोकंच फिरलं.

कलावंत वगैरे सोडा. गडी १९३१ साली नाझी पक्षात गेला, हिटलर सत्तेवर यायच्या दोन वर्षं आधी. बर्लिनची नवी रचना त्याच्याकडे आली तेव्हा पाडापाडीत बेघर होणाऱ्यांची सोय लावण्यासाठी ज्यूंची घरं रिकामी करून घेणारं खातंही त्याचंच.

तिप्पट उत्पादन? आकडा खोटा नाही. १९४२च्या आरंभीचे महिने १०० धरले तर जुलै १९४४मध्ये निर्देशांक ३२२ होता. पण आधीच्या वर्षांत उभे केलेले कारखाने त्याच सुमारास पूर्ण क्षमतेने चालू लागले, बरीच घडी आधीचा मंत्री फ्रिट्झ टोट याने बसवलेली होती, आणि हे आकडे मिरवणारं खातं श्पेअरचंच होतं. शिवाय राबत कोण होतं, ते फॉरवर्डमध्ये नाही.

आता ‘काही माहीत नव्हतं’ हा कहर. नॉर्डहाउझेनजवळ डोंगरातल्या बोगद्यांत व्ही-२ रॉकेटं बनत. डोरा या छळछावणीचे कैदी सुरुवातीला तिथेच झोपत, दिवस दिसत नसे, संडास म्हणून तेलाची अर्धी कापलेली पिंपं. डिसेंबर १९४३मध्ये साहेब स्वतः पाहून आले. आठवड्याभरात नाझींच्या एसएस दलाचा बांधकामप्रमुख काम्लर याला पत्र गेलं, अभिनंदनाचं! डोरा आणि तिच्या उपछावण्यांत मिळून सुमारे ६०,००० कैदी आले, त्यातले २०,०००च्या आसपास मेले. आउश्विट्झच्या विस्ताराच्या बांधकामाला १ कोटी ३७ लाख राइशमार्क मंजूर करणारं खातं कुणाचं, हेही सांगायला हवं का?

तरी कुणी म्हणेल, ज्यूंच्या सरसकट हत्येचं त्याला ठाऊक नसेल. ६ ऑक्टोबर १९४३ला व्यापलेल्या पोलंडमधल्या पोझनमध्ये एसएसचा प्रमुख हिमलर याने पक्षाच्या बड्या नेत्यांपुढे ते उघड सांगितलं. श्पेअरचं भाषणही त्याच दिवशी तिथेच झालं होतं. जाहीरपणे तो म्हणत राहिला, मी आधीच निघालो होतो. आणि डिसेंबर १९७१मध्ये एका बेल्जियन स्वातंत्र्यसैनिकाच्या विधवेला त्याने खासगी पत्रात लिहिलं की हिमलर हे बोलला तेव्हा मी हजर होतो, यात शंका नाही. हे पत्र २००७मध्ये बाहेर आलं. गंमत म्हणजे, ते लिहून झाल्यावरही तो आपण तिथे नव्हतो असं सांगणारी मित्रांची प्रतिज्ञापत्रं गोळा करत होता. पुढे बोलायलाच नको.

बंकरमध्ये विषारी वायू सोडून हिटलरला मारण्याच्या बेताला मुख्य आधार श्पेअरचाच शब्द.

एक मात्र नाइलाजाने मान्य. मार्च १९४५मध्ये हिटलरने जर्मनीतले कारखाने, पूल सगळं उद्ध्वस्त करण्याचा हुकूम दिला, तो श्पेअरने बऱ्याच ठिकाणी अडवला. पण युद्ध हरल्यात जमा होतं, आणि उद्या ‘हे मी वाचवलं’ म्हणायला काहीतरी हवंच होतं.

राहिली कबुली. कोर्टात तो ‘सामूहिक जबाबदारी’ म्हणाला, स्वतःवरचा थेट दोष टाळत. त्याच्या कारखान्यांना मजूर हवे होते. ते परदेशांतून धरून आणणारा झाउकेल ऑक्टोबर १९४६मध्ये फासावर गेला. मागणी करणाऱ्या श्पेअरला २० वर्षं. १९६६मध्ये सुटला, १९६९मध्ये आठवणी छापल्या, आणि पुस्तक धो धो खपलं.