‘सगळे सकर सारखेच’ या प्रतिक्रियेला उत्तर

सकर म्हणजे घरच्या टाकीत काचेला तोंडाने चिकटून राहणारा कॅटफिश. टाकीतला अनोळखी सकर पाठीवरच्या फिनच्या (पराच्या) काड्या मोजून कसा ओळखायचा, या माझ्या लेखावर एका वाचकाने लिहिलंय: "काड्या मोजायला आम्ही काय प्रयोगशाळा उघडलीय? त्यासाठी मासा जाळीत पकडून छळायचा? सगळे सकर सारखेच. दुकानदाराला विचारलं की काम झालं. उगाच विद्वत्ता पाजळू नका." पुढे लाइट आणि ड्रिफ्टवुडवर (टाकीत ठेवायच्या लाकडावर) चार ओळी आहेत.

लेख पटला नाही तर जरूर सांगा, पण ही भाषा कशासाठी? इतकी वर्षं सकर पाळतोय, त्यांची पिल्लं काढतोय, लोकांनी पाठवलेले अंधुक फोटो रात्री बसून बघतोय, ते मिरवण्यासाठी नाही. मुद्दा मांडायच्या आधी समोरच्याची टर उडवायची ही कुठली पद्धत?

मासा पकडण्याबद्दलचं तुमचं म्हणणं मान्य. ‘मासा बाहेर काढू नका’ हे लेखात ठळक लिहायला हवं होतं. सकरचे काटे जाळीत अडकतात. ओढलं तर फिन फाटते. अडकलाच तर जाळी कात्रीने कापा. हलवायचा असेल तर पाण्यातच प्लास्टिकच्या डब्यात घ्या. पण मोजण्यासाठी यातलं काहीच करावं लागत नाही.

आता ‘सगळे सारखेच’. दोन इंचांचे असताना सारखे दिसतात, म्हणूनच तर मोजायचं! दुकानात ‘सकर’ म्हणून मिळणारा मासा बहुतेक वेळा टेरिगोप्लिक्थिस असतो आणि तो दीड फुटाच्या आसपास जातो. ब्रिसलनोज म्हणजे अ‍ॅन्सिस्ट्रस, तो पाच-सहा इंचांवर थांबतो. दोन फुटी टाकीत, म्हणजे जेमतेम 54 लिटर पाण्यात, दुसरा निदान मावतो. पहिल्याला काही महिन्यांतच नीट वळताही येत नाही. मग लोक तो नदीत नाहीतर धरणात सोडतात. उजनीच्या मच्छीमारांना विचारा, हा मासा जाळ्यांची काय वाट लावतो ते.

रंगावर जाऊ नका. पिवळट-पांढरा अल्बिनो सकर दोन्ही प्रकारांत मिळतो. मिशांवरही जाऊ नका. ब्रिसलनोजच्या पिल्लाला त्या नसतात, मादीला आल्या तरी तोंडाच्या कडेला बारीक येतात. लहान वयातही भरवशाची खूण म्हणजे डॉर्सल फिन, पाठीवरची मोठी.

मासा समोरच्या काचेजवळ आला की बाजूने मोबाइलवर व्हिडिओ घ्या. खाणं टाकल्यावर दुसरा मासा जवळ आला की सकर फिन उभारतो, तेवढी दोन सेकंदं पुरतात. व्हिडिओ थांबवून फोटो मोठा करा. पुढची जाड, न फाटलेली काडी म्हणजे काटा. तो सोडून मागच्या मऊ काड्या मोजा, आणि त्या मुळाशी मोजा. टोकाला प्रत्येक काडी फुटते, त्यामुळे वरून मोजणाऱ्याला सात काड्या चौदा वाटतात. सगळ्यात मागची काडी कधी मुळापासूनच दुभंगलेली दिसते, ती एकच धरा.

दहा किंवा त्याहून जास्त आल्या तर टेरिगोप्लिक्थिस, मोठा होणारा. सात आल्या तर ब्रिसलनोज किंवा हायपोस्टोमस हा सकरचा तिसरा प्रकार. मग मासा काचेला चिकटलेला असताना तोंडाची पुढची कड बघा. ब्रिसलनोजची कड मऊ, मांसल असते, तिथे हाडाच्या खरखरीत पट्ट्या नसतात. हायपोस्टोमसला त्या अगदी कडेपर्यंत असतात. आणि अंगावर हाडाच्या पट्ट्यांऐवजी साधे खवले असतील तर तो कॅटफिशच नाही, चायनीज अल्गी ईटर आहे. मोठा झाल्यावर तो इतर माशांच्या अंगाला चिकटतो.

टेरिगोप्लिक्थिसच्या पार्डालिस आणि डिसजंक्टिव्हस या दोन जाती पोटावरच्या ठिपक्यांवरून कळतात, तेही काचेतून दिसतात. सुटे, गोल असतील तर पार्डालिस, एकमेकांत मिसळून नागमोडी झाले असतील तर डिसजंक्टिव्हस. या दोघांचं मिश्रण सर्रास आढळतं, त्यामुळे मधलीच नक्षी दिसली तर तिथेच थांबा. टाकी किती मोठी हवी, याचं उत्तर दोघांनाही एकच आहे.

राहिला दुकानदार. त्याच्याकडे कोलकात्याहून किंवा चेन्नईहून माल येतो तेव्हा पिशवीवर ‘सकर’ एवढंच असतं. तो खोटं बोलतो असं मी म्हणत नाही, पण पिशवीवर नाही ते तो कुठून सांगणार? आणि दुकानदाराकडून ‘हा एवढाच राहतो’ असं ऐकून नेलेले मासेच नंतर ‘कुणी घेता का’ म्हणत माझ्याकडे येतात.

लाइट आणि ड्रिफ्टवुडचा ओळखीशी काही संबंध नाही, त्यावर इथे वाद घालत नाही. तुमच्या टाकीतल्या सकरचा बाजूने व्हिडिओ घ्या, मुळाशी मोजा आणि आकडा इथेच लिहा. दहा किंवा जास्त असेल तर कमीत कमी सहा फुटी टाकी लागेल, तिची तयारी आत्ताच करा. ते जमणार नसेल तर मासा दुकानात परत द्या, नदीत किंवा धरणात सोडू नका.